सोनी एफई ७०-२०० एफ २.८ जीएम टू: सभागृहातल्या भाषणांच्या कसोटीवर

सोनीच्या ७०-२०० मिलिमीटरच्या या झूम लेन्सबद्दल वाचायला गेलं की मैदान, लग्न आणि पक्षी हेच समोर येतं. परिषदा, व्याख्यानं, परिसंवाद यांचं काम निराळं असतं. वक्ता जागचा फारसा हलत नाही, पण त्याचा चेहरा आणि हात क्षणाक्षणाला बदलतात. उजेड कमी, आणि तोही दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला. भाषण चालू असताना फ्लॅश मारता येत नाही. फोटो काढणाऱ्याने दिवसभर त्याच हॉलमध्ये राहायचं, तरी कुणाचं लक्ष विचलित होता कामा नये. या अटी लावून लेन्स तपासली की मैदानावर दुय्यम वाटणारे तिचे काही गुण पुढे येतात, आणि जाहिरातीत ठळक छापलेल्या काही गोष्टींचा इथे फारसा उपयोग उरत नाही.

मत आधीच सांगतो. सोनीची फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरची) कॅमेरा बॉडी असेल आणि परिषदांचं काम नेमाने करत असाल, तर एकाच लेन्समध्ये इतकं काही देणारी दुसरी लेन्स माझ्या मते नाही. मात्र तिची खरी किंमत एफ २.८ या मोठ्या ॲपर्चरमध्ये, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्रात (आकडा लहान तितकं छिद्र मोठं), नाही. कुठे उभं राहायचं हे ती तुम्हाला ठरवू देते, आणि सभागृहात फोटोचं निम्मं काम जागा ठरवते.

आकडे पटकन उरकू. लेन्स ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीर झाली. १४ गटांत १७ भिंगं, ११ पात्यांचं ॲपर्चर, ७७ मिलिमीटरचा फिल्टर, २०० मिलिमीटर लांबी, आणि ट्रायपॉड माउंट सोडून १०४५ ग्रॅम वजन. २०१६ची पहिली आवृत्ती १४८० ग्रॅमची होती. ४३५ ग्रॅमचा हा फरक कागदावर साधा वाटतो. पण भाषणात हातवारा किंवा हसू सांगून येत नाही, त्यामुळे कॅमेरा डोळ्याला लावून थांबावं लागतं. दुपारनंतर हात भरून आले की कॅमेरा खाली येतो, आणि नेमका तेव्हाच वक्ता खळखळून हसतो. आल्फा ७ फोर ही ६५८ ग्रॅमची बॉडी धरली तरी एकूण वजन पावणेदोन किलोच्या आत राहतं. झूम आतल्या आत होतो, लांबी बदलत नाही. त्यामुळे मोनोपॉडवर (एकपायी स्टँडवर) लावल्यावर ७० वरून २०० वर जाताना तोल ढळत नाही आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या खांद्याला लेन्सचं नाक लागत नाही.

किती लांबून किती मावतं

हॉल बघायला गेलात की एक हिशोब तिथेच करून टाका. सेन्सरची उभी बाजू २४ मिलिमीटर. तिला वक्त्यापर्यंतच्या अंतराने गुणायचं आणि फोकल लेंग्थने, म्हणजे झूम ज्या मिलिमीटरवर आहे त्या आकड्याने, भागायचं. आडव्या फ्रेममध्ये किती उंची मावेल ते कळतं. २०० मिलिमीटरवर ८ मीटरवरून ९६ सेंटिमीटर, म्हणजे कमरेपासून वरचा माणूस. १५ मीटरवरून १.८ मीटर, म्हणजे उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत जेमतेम. २५ मीटरवरून ३ मीटर. इथे वक्ता फ्रेममध्ये लहान पडायला लागतो आणि पोडियम, कुंड्या, मागचा फलक यांचीच गर्दी होते. थोडक्यात, १५ मीटरच्या आत ही लेन्स पुरेशी आहे. त्यापलीकडे काहीतरी जोड लागते.

ही जोड दोन प्रकारे मिळते. एक म्हणजे बॉडीतला एपीएस-सी क्रॉप, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं. २०० चे ३०० होतात, ॲपर्चर २.८ च राहतं, पण ३३ मेगापिक्सेलच्या आल्फा ७ फोरवर हातात १४ मेगापिक्सेल उरतात. दुसरी म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारा सोनीचा १.४ पट टेलिकन्व्हर्टर: २८० मिलिमीटर, एफ ४. कन्व्हर्टरने एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, जातो म्हणून अनेक जण तो टाळतात. पण क्रॉपमध्येही सेन्सरचा निम्म्याहून अधिक भाग वाया जातो आणि अंतिम चित्रात नॉइज (दाणेदारपणा) साधारण तितकाच वाढतो. हिशोब बरोबरीत सुटतो. कन्व्हर्टरकडे पिक्सेल जास्त, क्रॉपकडे वेग जास्त. अंधारात, गुडघ्यावर झाकणं सांभाळत कन्व्हर्टर चढवणं हे धोक्याचं काम आहे. म्हणून क्रॉप एका बटणावर नेमून ठेवावा आणि कन्व्हर्टर फक्त तेव्हाच घ्यावा, जेव्हा पूर्ण सत्र मागच्या कॅमेरा-ओट्यावरूनच काढायचं आधीपासून ठरलं आहे. २ पटीचा कन्व्हर्टर एफ ५.६ देतो. तो सभागृहात नको.

आता जागेचं. पोडियमच्या अगदी समोर उभं राहिलं की माईक बरोबर तोंडावर येतो आणि हनुवटी गायब होते. मधल्या रेषेपासून ३० ते ४५ अंश बाजूला सरकलं की माईक ओठांपासून सुटतो आणि गालाची कड मोकळी दिसते. कोणती बाजू? वक्ता ज्या बाजूला वळून बोलतो ती. बहुतेक वक्ते स्वतःच्या नोंदी दाखवणाऱ्या मॉनिटरकडे किंवा सूत्रसंचालकाकडे वळतात. पहिल्या पाच मिनिटांत कल कळतो.

उंचीचंही तसंच. मंच १ मीटर उंच असेल तर उभ्या वक्त्याचे डोळे जमिनीपासून सुमारे २.६ मीटरवर असतात, आणि तुमचे १.६ वर. ४ मीटरवरून काढलं तर कॅमेरा १४ अंश वर बघतो: नाकपुड्या, हनुवटीखालची घडी, आणि पोडियमने खाल्लेली छाती. तोच फोटो १२ मीटरवरून ५ अंशांच्या आत येतो आणि माणूस माणसासारखा दिसतो. लहान लेन्स घेऊन मंचाच्या कडेला जाऊन बसणाऱ्यांना हा फरक पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भरून काढता येत नाही. शिवाय पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या आणि मंचाच्या मध्ये कुणी सतत ये-जा करत नाही, हा फायदा तर आयोजकांच्याही लक्षात राहतो.

फोकस, आणि अंधारात सरकणारी रिंग

चार एक्सडी लिनियर मोटर फोकसची भिंगं हलवतात. वेगाबद्दल बोलण्यासारखं काही नाही. वक्ता मंचावर येरझाऱ्या घालत असला तरी ही लेन्स मागे पडत नाही. सभागृहात जास्त मोलाची आहे ती शांतता. शेजारी ध्वनिमुद्रण चालू असलं तरी मोटरचा आवाज मधे येत नाही.

सेटिंग साधं ठेवा: सलग फोकस, माणसाचा डोळा ओळखणं चालू, फोकस क्षेत्र मध्यम आकाराचं. पूर्ण फ्रेमवर सोडलं तर कॅमेरा पहिल्या रांगेतल्या एखाद्या वळलेल्या चेहऱ्यावर किंवा मागच्या पडद्यावर मोठ्ठ्या दिसणाऱ्या त्याच वक्त्याच्या चेहऱ्यावर उडी मारतो. ही दुसरी अडचण हल्ली फार होते, कारण थेट प्रक्षेपणाचा पडदा वक्त्याच्या डोक्यावरच असतो. वक्ता खाली बघून वाचत असेल तर डोळा सुटतो आणि फोकस हळूच माईकच्या जाळीवर येतो. २०० मिलिमीटर, एफ २.८, ५ मीटर अंतर या हिशोबात स्पष्टतेची खोली जेमतेम १० सेंटिमीटर असते. माईक ओठांपासून १५ सेंटिमीटर पुढे असला तर चेहरा गेलाच. कॅमेऱ्याच्या पडद्यावर असा फोटो ठीक दिसतो, मोठा केल्यावर कळतं. वाचून बोलणारा वक्ता असेल तर डोकं वर येण्याची वाट पाहा आणि वर आल्यावर शटर अर्धवट दाबून फोकस नव्याने घ्या.

बाजूच्या बटणांपैकी चार तपासूनच हॉलमध्ये शिरावं. फोकस मर्यादा ‘३ मीटर ते अनंत’ वर ठेवा. म्हणजे समोरून कुणी डोकं नेलं तरी लेन्स जवळच्या टोकापर्यंत धावत नाही. स्थिरीकरण पहिल्या मोडवर. दुसरा मोड कॅमेरा फिरवत काढण्यासाठी आहे, तिसरा खेळांसाठी. ‘फुल टाइम डीएमएफ’ बंद. ते चालू असताना फोकस रिंगला बोट लागलं की ऑटोफोकस बाजूला पडतो, आणि दाटीत बसल्यावर बोट लागतंच.

चौथं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ॲपर्चर रिंगचं कुलूप. या रिंगवर ‘ए’ खूण २२ च्या शेजारी आहे. म्हणजे ॲपर्चर कॅमेऱ्यावरून चालवणाऱ्याची रिंग ‘ए’ वरून जराशी सरकली, की ती थेट एफ २२ वर जाते. एफ २.८ पासून एफ २२ म्हणजे सहा स्टॉप. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर असेल तर ३२०० चा आकडा भसकन वर जातो, व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मात्र उजळ दिसत राहतं, आणि पूर्ण उद्‌घाटन दाणेदार निघतं. रिंगचा टकटक आवाज बंद करायची सोय आहे आणि चित्रीकरणासाठी ती उपयोगी आहे, पण ती वापरली की हा अपघात बोटांना जाणवतही नाही. रिंग ‘ए’ वर आणून कुलूप लावून टाका.

उजेड आणि शटर

मंचावर नीट दिवे असतील तर १/२०० सेकंद, एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२०० यात काम भागतं. फक्त छतातल्या दिव्यांवर चालणाऱ्या बैठकीच्या खोल्यांत ६४०० धरून चला.

स्थिरीकरण चांगलं आहे, १/६० वरही हात धरवतो. पण ते तुमचा हात स्थिर करतं, वक्त्याचा नाही. १/६० वर चेहरा धारदार आणि बोटं पुसट असे फोटो ढिगाने मिळतील. शांतपणे बोलणाऱ्याला १/१६०, फिरत बोलणाऱ्याला १/२५०, हातवारे झपाट्याने करणाऱ्याला १/४००. मग स्थिरीकरणाचा उपयोग काय? व्ह्यूफाइंडरमधलं चित्र थांबून राहतं. २०० वर हलत्या चित्रात पापणी मिटली की उघडी हे कळत नाही. थांबलेल्या चित्रात कळतं. इथे त्याचं खरं मोल.

एक्सपोजर मॅन्युअलच. काळ्या पडद्यापुढे उभा वक्ता असला की मीटर काळ्याला राखाडी करायला जातो आणि कपाळ पांढरं फटक पडतं. पुढची स्लाइड पांढरी आली की तोच मीटर उलट वागतो आणि चेहरा काळवंडतो. दिव्यांची चाचणी चालू असताना कुणाला तरी पोडियममागे उभं करा, झेब्रा (फार उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय) लावा, कपाळावर पट्टे उमटतील तिथून दोन तृतीयांश स्टॉप खाली या आणि आकडे तिथेच बांधा. मंचाचा उजेड सत्रभर सहसा बदलत नाही; बदलतो तो पडदा, आणि पडद्याला तुम्ही विचारात घेत नाही.

रंगाचं तापमानही बांधून ठेवा. पिवळे स्पॉट ३२०० केल्व्हिनच्या आसपास, पडद्याचा उजेड ६५०० च्या पुढे. ऑटोवर सोडलं तर प्रत्येक स्लाइडला वक्त्याचा रंग बदलतो आणि नंतर शंभर फोटो एकेक करून दुरुस्त करावे लागतात. निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांत आणखी एक खोच आहे. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण एकटा निळा चॅनेल आधीच भरलेला असतो आणि गालावर सपाट निळा डाग येतो. तेव्हा दोन तृतीयांश ते एक स्टॉप आणखी खाली, आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइलच.

दिवे डोक्यावरून सरळ खाली पडत असतील तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. लेन्स यावर काही करू शकत नाही, वक्ता करतो: मागच्या रांगांकडे किंवा बाल्कनीकडे बघताना तो मान उचलतो आणि उजेड डोळ्यांत शिरतो. तो क्षण धरायचा. बोलणारं तोंड कधी टिपायचं यालाही रीत आहे. ‘आ’, ‘ओ’ म्हणतानाचा चेहरा गोठला की विचित्र दिसतो. ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ मिटतात, वाक्य संपताना चेहरा सैलावतो, आणि मुद्दा मांडून वक्ता श्रोत्यांकडे बघतो तेव्हा अर्धा सेकंद थांबतो. कान लावून ऐकत राहिलं की ही लय दोन मिनिटांत सापडते. तीन-चार फ्रेमचा छोटा बर्स्ट त्या ठिकाणी पुरतो. मिनिटभर बोट दाबून ठेवण्यात फक्त निवडीचं काम वाढतं.

मागचा एलईडी पडदा

हल्ली मंचामागे एलईडीची भिंत असतेच, आणि तिच्यापुढे ही लेन्स सगळ्यांत जास्त चमकते. भिंतीतल्या ठिपक्यांची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकांवर आली की मोआरेच्या लाटा उमटतात आणि त्या नंतर काढणं महाकठीण. पण वक्ता १० मीटरवर, भिंत त्याच्यामागे ३ मीटर, लेन्स २०० वर आणि एफ २.८ उघडी असेल, तर भिंतीवरचा प्रत्येक ठिपका सेन्सरवर सुमारे ०.३४ मिलिमीटर पसरतो. दोन ठिपक्यांत प्रत्यक्षात ३ मिलिमीटर अंतर धरलं तर सेन्सरवर ते ०.०५ मिलिमीटरच्या आत येतं. म्हणजे पसरट डाग अंतराच्या सातपट. जाळी पूर्ण विरघळते आणि उरतो गुळगुळीत रंग. ७० मिलिमीटरवर, किंवा ॲपर्चर बारीक केल्यावर, ही चैन संपते.

मग स्लाइडवरची अक्षरं वाचता येतील का? २० सेंटिमीटर उंचीचं शीर्षक याच हिशोबात सेन्सरवर ३ मिलिमीटरचं पडतं, ते एफ २.८ वरही वाचता येतं. ५ सेंटिमीटरचा मजकूर पाऊण मिलिमीटरचा, तो पुसला जातो. आयोजकांना वक्ता आणि आलेख दोन्ही हवे असतील तर एफ ८ वर या, आयएसओ तीन स्टॉप वाढू द्या आणि दोन-चार फ्रेम तेवढ्यापुरत्या काढा. सगळं सत्र एफ ८ वर काढू नका.

परिसंवादात गणित उलटं होतं. अर्धवर्तुळात चार जण बसलेत आणि तुम्ही बाजूला आहात. जवळच्या आणि लांबच्या खुर्चीत सहज ३ मीटर अंतर पडतं. १० मीटरवरून १०० मिलिमीटरला सगळे स्पष्ट यायला एफ ५.६ लागतं, म्हणजे ३२०० चं १२८००. त्यापेक्षा थोडं मध्यावर सरकून सगळे चेहरे एका पट्ट्यात आणावेत आणि एफ ४ वर भागवावं. किंवा मग सगळे स्पष्ट हवेत हा हट्टच सोडावा: बोलणारा स्पष्ट, ऐकणारा शेजारी पुसट, आणि त्याच्या चेहऱ्यावर सहमती किंवा नापसंती. १३५ मिलिमीटर, एफ २.८ वर १० मीटरवरून खोली सुमारे ९० सेंटिमीटर मिळते, दोन शेजाऱ्यांना पुरेशी. ११ पात्यांमुळे मागचे दिवे गोल आणि मऊ येतात. कडेला ते थोडे चपटे होतात, पण त्याची तक्रार नाही.

बॉडीमुळे बिघडणारं काम

लेन्सला दोष दिला जातो अशा बऱ्याच गोष्टी बॉडीच्या असतात. आल्फा ७ फोरवर आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला साधारण १/१५ सेकंद लागतो. ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तेवढ्या वेळात सहा-सात लुकलुकी होतात आणि फोटोत तितके आडवे पट्टे येतात. एलईडी भिंत आणि काही मंद केलेले एलईडी दिवे तर याहून बारीक पट्टे देतात. उपाय दोन. शटर १/१०० किंवा १/५० करा, म्हणजे प्रत्येक ओळीला पूर्ण लुकलुकी मिळते. ६० हर्ट्झच्या विजेवर १/१२० किंवा १/६०. किंवा यांत्रिक शटर आणि फ्लिकरविरोधी सेटिंग वापरा. ते १०० आणि १२० हर्ट्झची लुकलुक ओळखून उजळ क्षणी शटर सोडतं. यांत्रिक शटरचा आवाज टाळ्यांत आणि हशात खपतो, श्रद्धांजलीच्या शांततेत नाही. ध्वनिवर्धकाजवळ उभं राहिलं तर तोही बराच बुडतो.

आल्फा ९ थ्री बॉडीवर सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे पट्टे नाहीत आणि आवाजही नाही. मात्र लुकलुकणारा दिवा लुकलुकतोच. जलद शटरवर एक फ्रेम उजळ, पुढची मंद येऊ शकते. शिवाय तिचं मूळ आयएसओ २५० आहे, मेगापिक्सेल २४.६, आणि जास्त आयएसओवर नॉइज थोडा अधिक. केवळ शांततेसाठी ती घ्यायची का हा प्रश्न तुमच्या कामाच्या प्रकारावर आहे. शटर दाबण्याआधीच्या एका सेकंदापर्यंतच्या फ्रेम साठवण्याची तिची सोय पुरस्कार देताना, हस्तांदोलनात आणि अचानक हशा पिकल्यावर मोठी कामाची आहे. एका चिपचे डीएलपी प्रोजेक्टर मात्र इथेही जलद शटरला रंगीत दिसतात, कारण ते लाल, हिरवा, निळा एकामागून एक टाकतात. पडदा फ्रेममध्ये हवा असेल तर १/६० च्या आसपास या आणि वक्ता थांबेपर्यंत थांबा.

जवळचं काम आणि खटकणाऱ्या गोष्टी

७० मिलिमीटरवर ही लेन्स ४० सेंटिमीटरपर्यंत, २०० वर ८२ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. पहिली आवृत्ती ९६ वर थांबायची. ०.३ पट मोठेपणा म्हणजे १२ बाय ८ सेंटिमीटरची वस्तू पूर्ण फ्रेम भरते. गळ्यातलं ओळखपत्र, टिपणं घेणारा हात, स्मृतिचिन्हावरचं नाव: आयोजकांना अहवालासाठी हे सगळं लागतं आणि लेन्स न बदलता ते मिळतं. फक्त फोकस मर्यादा आधी मोकळी करा आणि नंतर आठवणीने परत लावा.

खटकतं ते असं. रंग पांढरट आहे आणि मंचाचा उजेड त्यावर पडला की मागच्या रांगांतून ती लेन्सच दिसते. पहिल्या तीन रांगांत बसताना काळं कापडी आवरण चढवलेलं बरं. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं आडोशाचं नळकांडं, लांब आहे. तो काढू नका, कारण मागून येणारे मंचाचे दिवे थेट भिंगावर पडले तर काळे भाग धुरकटतात. एफ २.८ वर कोपरे थोडे काळवंडतात, पण बॉडीतली दुरुस्ती ते निस्तरते. आणि एक किलो म्हणजे एक किलोच. मोनोपॉड घ्या; खालच्या टोकाला रबर आहे याची खात्री करा, लाकडी जमिनीवर धातूचा टोला सगळ्या हॉलला ऐकू जातो.

दुसरं काय घेता येईल

टॅमरॉन ७०-१८० एफ २.८ जी टू ८५५ ग्रॅमची, स्थिरीकरण असलेली आणि काळी. झूम करताना ती लांब होते, २०० चे १८० होतात, आणि कन्व्हर्टर तिला बसत नाही. १० मीटरच्या आतल्या हॉलमध्येच काम असेल तर मी हीच सुचवेन. सिग्माची ७०-२०० स्पोर्ट्स आतल्या आत झूम होते, चित्र उत्तम, वजन १३०० ग्रॅमच्या वर. इतर कंपन्यांच्या लेन्सवर सोनी बॉडीचा वेग सेकंदाला १५ फ्रेमवर अडतो. भाषणांसाठी हा आकडा बिनकामाचा आहे, त्यावरून निर्णय घेऊ नका. सोनीची ७०-२०० एफ ४ जी टू ७९४ ग्रॅमची आणि जवळच्या कामात सरस, पण जिथे तुम्ही ६४०० वर आहात तिथे ती १२८०० मागते.

उजेड खरोखर कमी असणाऱ्या ठिकाणी १३५ एफ १.८ जीएम सव्वा स्टॉप मिळवून देते आणि ९५० ग्रॅमची आहे; किंमत म्हणून झूम गमवावा लागतो, आणि सभागृहात खुर्ची सोडून पुढे-मागे जाता येत नाही. २०२५ मध्ये आलेली ५०-१५० एफ २ जीएम या कामासाठी फार विचार करण्यासारखी आहे: पूर्ण एक स्टॉप जास्त, ५० पासून सुरुवात, म्हणून पाच जणांचा परिसंवादही जवळून मावतो. तिचं वजन १३४० ग्रॅम आणि फिल्टर ९५ मिलिमीटरचा. ११ मीटरच्या आत १५० पुरतात, त्यापुढे क्रॉप करावा लागतो.

७०-२०० घेतली तरी दुसरी बॉडी आणि २४-७० किंवा १६-३५ लागेलच. भरलेलं सभागृह, दीपप्रज्वलन, मंचावरची गर्दी, प्रश्न विचारायला उठलेला श्रोता आणि त्याच्यामागे वळलेली डोकी हे ७० मिलिमीटरमध्ये मावत नाही. दोन्ही बॉडींची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवून घ्या आणि दोन्हींवर तेच केल्व्हिन टाका, म्हणजे फोटो एकत्र लावताना क्रम आणि रंग दोन्ही जागेवर राहतात.